समजून घ्या : ‘किती देते?’ हे एआरएआय सांगेल. ‘मला झेपेल का?’ हे कोण सांगणार?

ऑनलाइन खरेदी करताना आपण आधी स्टार बघतो. पण ते स्टार नेमके काय मोजतात? आणि एखाद्या अनोळखी माणसाचे ‘वैयक्तिक मत’ आपल्या कामाचे कधी असते, कधी नसते?

आईच्या उजव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होते. मोठा अपघात वगैरे काही नाही. कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगला रस्त्याच्या दिशेने हलका उतार आहे. नवी स्कूटर मागे घेताना ती कलली, आईचा पाय जमिनीला नीट टेकला नाही आणि गाडीबरोबर तीही आडवी झाली. आईचे वय ६३, उंची चार फूट अकरा इंच.

स्कूटर मी निवडली होती. चार रात्री जागून, मोबाइलवर दोन-अडीचशे रिव्ह्यू वाचून. सरासरी साडेचार स्टार. ‘मस्त गाडी’, ‘पैसा वसूल’, ‘पिकअप एकदम स्मूथ’. यातला एकही शब्द खोटा नव्हता. गाडी खरोखरच चांगली आहे. आता ती मी चालवतो आणि माझी काहीही तक्रार नाही. माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे, एवढाच काय तो फरक.

मग चुकले कुठे? रिव्ह्यू लिहिणाऱ्या अडीचशे जणांपैकी एकानेही स्वतःबद्दल काही सांगितले नव्हते. मलाही ते विचारावेसे वाटले नाही. मत चांगले की वाईट एवढेच मी मोजत बसलो; ते कोणाचे आहे हे पाहिलेच नाही.

टेकडीवरचा आकडा काय सांगतो?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोथरूडमध्येच आहे. रोज पहाटे शेकडो लोक वेताळ टेकडीवर फिरायला जातात. पौड रस्त्याच्या बाजूने चढणारे बरेच जण तिला ‘एआरएआय टेकडी’च म्हणतात. कारण त्या टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. वाहन उद्योगाने केंद्र सरकारच्या सहकार्याने १९६६मध्ये तिची स्थापना केली. देशात विकायच्या वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांपैकी ही एक. गाडीच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात ‘एआरएआय प्रमाणित मायलेज’ असे छापलेले असते ना, त्यातले एआरएआय ते हेच.

हा आकडा कसा काढतात ते समजून घेण्यासारखे आहे. गाडी रस्त्यावर जातच नाही. ती प्रयोगशाळेत मोठ्या रोलरवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी राहते. चालकासमोर पडद्यावर वेगाचा एक आलेख सरकत असतो आणि त्याने गाडीचा वेग त्या रेषेवर ठेवायचा असतो. कारसाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या भारतीय चाचणी चक्रात हा खेळ १,१८० सेकंद चालतो, म्हणजे वीस मिनिटांना थोडे कमी. पहिली ७८० सेकंदे शहरातली समजायची: निघा, थांबा, पुन्हा निघा, वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत. उरलेली ४०० सेकंदे शहराबाहेरची, वेग जास्तीत जास्त ९०. एसी बंद. खोलीचे तापमान ठरलेले. पेट्रोलही कोणी मापाने ओतून बघत नाही. धुरातून किती कार्बन बाहेर पडला हे मोजून त्यावरून किती इंधन जळले याचा हिशेब मांडतात.

या चाचणीची सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी आहे: माणूस वजा करण्यासाठी. चालकाची सवय, पायाचे वजन, रस्त्यावरचा खड्डा, कर्वे पुतळ्याजवळचा सिग्नल, मागे बसलेली दोन मुले, सगळे वजा. म्हणूनच ‘अ’ गाडी आणि ‘ब’ गाडी यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. दोघींना एकच पेपर दिला आणि एकाच हाताने तपासला.

आणि म्हणूनच तो आकडा तुमच्या वाट्याला येत नाही. वनाजहून चांदणी चौकाचा चढ एसी लावून चढणाऱ्याला प्रमाणपत्रातले मायलेज मिळणार नाही. टेकडीवरून उतरताना दोन मित्र एकमेकांना ‘तुझी किती देते रे?’ असे विचारतात. खरे तर दोघांनाही कंपनीचा आकडा ठाऊक असतो. त्यांना पाहिजे असतो तो पौड रस्त्यावरचा, संध्याकाळी सातचा, माहितीतल्या माणसाचा आकडा.

स्टार दोन प्रकारचे. आपण एकच समजतो

फ्रिजवर चिकटवलेले पाच स्टार आणि शॉपिंग ॲपवर त्याच फ्रिजच्या फोटोखाली असलेले पाच स्टार दिसायला सारखे असतात. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

पहिले स्टार ऊर्जा दक्षता ब्यूरोचे. ही योजना २००६मध्ये सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिज व खोलीचे एसी यांच्यासाठी २०१०पासून ती सक्तीची आहे. ते स्टार वीज मोजतात, तेही ठरलेल्या पद्धतीने. कोणाला फ्रिज आवडला की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

दुसरे स्टार म्हणजे भावनांची सरासरी. कोणाला रंग आवडला, कोणाला दोन दिवस आधी डिलिव्हरी मिळाली, कोणाचा दिवस वाईट गेला होता, कोणाला आतला भाजीचा कप्पा लहान वाटला. या सगळ्याची बेरीज करून भागाकार केला की ४.३ येतात. दशांश चिन्ह आले की आपल्याला ते शास्त्रीय वाटू लागते.

ही सरासरी वस्तूच्या दर्जाबद्दल कितपत सांगते, हे बार्ट द लांघे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले. १२० प्रकारांतल्या १,२७२ वस्तू घेतल्या. एकीकडे ॲमेझॉनवरचे सरासरी स्टार, दुसरीकडे अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या जुन्या, जाहिरात न घेणाऱ्या संस्थेने प्रयोगशाळेत तपासून दिलेले गुण. दोन्हींचा मेळ फारच कच्चा निघाला. ग्राहक मात्र स्टारकडे बघून दर्जाबद्दल ठाम मत बनवतात, आणि किती जणांनी स्टार दिले याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत, असेही त्यांना आढळले.

शिवाय ही सरासरी सगळ्या ग्राहकांची नसतेच. ज्याला वस्तू फार आवडली तो लिहितो. जो फार चिडला तो लिहितो. ज्याला ‘ठीक आहे’ वाटले तो लिहायला कशाला बसेल? त्यामुळे रिव्ह्यूंचा आलेख काढला की पाच स्टारवर उंच मनोरा, एक स्टारवर छोटा ढीग आणि मध्ये ओसाड रान असे चित्र दिसते. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा आकार, म्हणून संशोधक त्याला जे-आकाराचे वितरण म्हणतात. सरासरी त्या ओसाड रानाच्या आसपास कुठेतरी पडते, आणि तिथे कोणीच राहत नसते.

आणखी एक गोष्ट. मत देणारा माणूस आधीची मते बघूनच मत देतो. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी २०१३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी स्वतःच गुपचूप पहिली ‘पसंती’ देऊन टाकली. बाकी काही केले नाही. त्या प्रतिक्रियांची अंतिम गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरली. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाहुण्याने ‘जिलेबी झकास’ म्हटले की पुढच्या पानापानावर ती झकास होत जाते, तसेच हे.

मग अनोळखी माणसाचे मत टाकाऊच का?

नाही. उलट, काही बाबतीत दुसऱ्याच्या मताइतके उपयोगी काहीच नसते. त्यासाठी अट एकच: तो दुसरा ‘आपल्यातला’ असायला हवा.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये ‘सायन्स’मध्येच एक छोटा, मजेशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच ‘शेजाऱ्याच्या सल्ल्याची आश्चर्यकारक ताकद’ असे शब्द होते. काही तरुणींना एका तरुणाशी पाच मिनिटे गप्पा मारायच्या होत्या. त्या गप्पा आपल्याला किती आवडतील, याचा अंदाज त्यांनी आधी द्यायचा. काहींना त्या तरुणाची माहिती आणि फोटो दिला. काहींना यातले काहीच दिले नाही. त्याच्याशी आधी बोलून आलेल्या दुसऱ्या एका मुलीला गप्पा किती आवडल्या, एवढेच सांगितले. दुसऱ्या गटाचे अंदाज कितीतरी अचूक निघाले; चूक जवळपास निम्मी झाली. गंमत म्हणजे बहुतेक जणींना माहिती आणि फोटोच जास्त भरवशाचे वाटत होते.

हे आपल्या खरेदीला लावून पाहा. कंपनीचे स्पेसिफिकेशन म्हणजे तरुणाची माहिती आणि फोटो. सीटची उंची अमुक मिलिमीटर, वजन तमुक किलो. वाचून आपण मनातल्या मनात गाडी चालवून बघतो आणि चुकतो. शेजारणीचा अनुभव चुकत नाही, कारण ती त्याच उतारावरून गाडी काढते. मात्र अभ्यासातली ‘शेजारीण’ त्याच वयाची, त्याच आवारातली होती, हे विसरता कामा नये. तिच्या जागी कोणीही चालत नाही.

आमच्या घरी नेमके हेच घडले. प्लास्टर निघाल्यावर आईने जाहीर केले की आता स्कूटर नको. तिची भाजी, बँक, भिशी, संध्याकाळचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातले नाटक, सगळे स्कूटरवर होते. रिक्षाची वाट बघत ती घरात बसू लागली. दोन महिन्यांत तिचे बाहेर जाणे आठवड्यातून एकदा इतके कमी झाले. हे मला प्लास्टरपेक्षा जास्त लागले.

मग एक दिवस ‘बी’ विंगमधल्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, वय ६६, स्वतः रोज स्कूटर चालवणाऱ्या. त्यांनी स्टार दिले नाहीत. चहा घेत म्हणाल्या, “वहिनी, माझी उंची पाच फूट एक. माझ्या गाडीवर दोन्ही पाय पूर्ण टेकतात. पिकअप तिला अजिबात नाही, उड्डाणपुलावर मागचे हॉर्न मारतात, मारू देत. डबल स्टँडला लावणं मला जमत नाही, मी साइड स्टँडवरच ठेवते. आणि आपल्या उतारावर मी बसून गाडी मागे घेतच नाही. आधी उतरते, मग ढकलते.”

माझ्या अडीचशे रिव्ह्यूंत ‘पिकअप नाही’ असे वाचले असते तर मी ती गाडी तिथेच बाद केली असती. इथे तीच ओळ आईला आवडली.

एक स्टारचा रिव्ह्यूही कामाचा

वैयक्तिक मताचा खरा उपयोग इथे आहे. मत देणारा कोण हे कळले की त्याची नापसंतीही माहिती होते.

मिसळीचे घ्या. कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्याने पेठेतल्या एखाद्या जुन्या हॉटेलला एक स्टार देऊन लिहिले, ‘ही मिसळ नव्हे, गोडसर आमटी. कटाला तिखट म्हणून नाही.’ हॉटेलचे रेटिंग घसरले. पण ज्याला ॲसिडिटी आहे, ज्याच्याबरोबर आठ वर्षांची मुलगी आहे, त्याच्यासाठी ही शिफारसच झाली. ‘चव बेकार, एक स्टार’ असे लिहिले असते तर ते कोणाच्याच कामाचे नव्हते. दोन्ही रिव्ह्यूंचा स्टार एकच आहे.

मिक्सरचेही तसेच. कोणी ओले खोबरे आणि डाळ-तांदूळ वाटणार, कोणी वर्षाचा गोडा मसाला दळणार, कोणाला होळीला पुरण वाटायचे असते. ‘७५० वॉट, दणदणीत मोटार’ यातून काही कळत नाही. ‘मी एकटी राहते, चार चमचे चटणी वाटायला गेले तर सगळी भांड्याच्या कडेला उडते, पात्यापर्यंत येतच नाही,’ हे कळते. गादी, चप्पल, चष्म्याची फ्रेम, हेडफोन, सुगंध, शाळेचे दप्तर या सगळ्या वस्तूंना ‘चांगली’ हे विशेषण एकटे लावताच येत नाही. कोणासाठी चांगली, हे पुढे यावेच लागते.

पुणेकर मत द्यायला मागेपुढे पाहत नाही अशी त्याची ख्याती आहे. न विचारता देतो असेही म्हणतात. पण मत देताना स्वतःची बैठक सांगायची सवय मात्र आपल्यात कमी. ‘मी तिखट खातो’, ‘माझे गुडघे दुखतात’, ‘याआधी मी याहून महाग वस्तू वापरत होतो’ असे एक वाक्य आधी टाकले की बाकीचे मत वाचणाऱ्याला आपल्या मापाने कापून घेता येते.

मत कुठे थांबते, दावा कुठे सुरू होतो?

‘मला वास आवडला नाही’ आणि ‘यात भेसळ आहे’ ही दोन वाक्ये बोलताना सहज एकापाठोपाठ येतात. कायद्याच्या नजरेत त्यांच्यात मोठे अंतर आहे. पहिले मत आहे, त्याला पुरावा लागत नाही. दुसरा वस्तुस्थितीचा दावा आहे.

मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न खोबरेल तेलावरून आला. २०१८मध्ये एका यूट्यूबरने मॅरिको कंपनीच्या पॅराशूट तेलावर व्हिडिओ केला. हे तेल खरोखर शुद्ध आहे का, असा सवाल करून त्याने दुसऱ्या तेलांशी तुलना केली. कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी २०२०मध्ये एकल न्यायमूर्तींनी व्हिडिओ काढण्याचा अंतरिम आदेश दिला. वस्तुस्थिती म्हणून केलेली चुकीची विधाने मतस्वातंत्र्याच्या आडोशाला ठेवता येत नाहीत, आणि ज्याच्यामागे मोठा प्रेक्षकवर्ग आहे त्याची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा जास्त आहे, असा त्या आदेशाचा रोख होता. अपिलात मात्र खंडपीठाने काही बदलांसह व्हिडिओला वाट मोकळी करून दिली.

एप्रिल २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर प्रोटीन पावडरीचे प्रकरण आले. तिथे व्हिडिओ करणाऱ्यांकडे प्रयोगशाळेचे अहवाल होते. न्यायालयाने व्हिडिओंवर अंतरिम बंदी घालायला नकार दिला. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की रेषा बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. जिभेला, नाकाला, कमरेला जे जाणवले ते सांगायला आपण मोकळे आहोत. पण डब्याच्या आत काय आहे हे सांगायचे तर हातात अहवाल पाहिजे.

हीच रेषा वाचणाऱ्यानेही लक्षात ठेवावी. काही प्रश्न असे आहेत की तिथे वैयक्तिक अनुभवाला शून्य किंमत आहे. घरगुती प्रेशर कुकरला आता आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना दंड केला. ‘तीन वर्षे वापरतेय, काही झाले नाही’ हा अनुभव खरा असेल, पण ती सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी नव्हे. स्फोट झालेला माणूस रिव्ह्यू लिहायला ॲपवर येईलच असे नाही.

हेल्मेट हे तर दोन्हींचे मिश्रण. (पुण्यात हा शब्द काढणे म्हणजे वाद ओढवून घेणे, तरी काढतो.) आघात सहन करेल की नाही, हे प्रमाणचिन्हावरून ठरवायचे, तिथे कोणाचे मत विचारू नये. पण कपाळावर दाबते का, चष्मा घालून चढते का, अंबाडा असला तर बसते का, उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत घाम येतो का, हे प्रमाणपत्र सांगत नाही. आणि जे हेल्मेट दाबते ते डोक्यावर न राहता आरशाला लटकते. तेव्हा तिथे शेजाऱ्याचे मतही जीव वाचवणारेच.

बनावट रिव्ह्यूंचे काय?

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक आणले. रिव्ह्यू लिहिणारा खरा माणूस आहे का याची ईमेल, फोन, एसएमएस अशा मार्गांनी खातरजमा करायची, रिव्ह्यू कसे निवडतो आणि सरासरी कशी काढतो हे उघड सांगायचे, संपादन करून अर्थ बदलायचा नाही, अशा अपेक्षा त्यात आहेत. ते ऐच्छिक म्हणून आले. ते बंधनकारक करण्याबाबत केंद्राने २०२४मध्ये कंपन्यांशी चर्चाही केली. अमेरिकेत बनावट रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४पासून लागू झाला, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५पासून.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कौतुक करणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळी चौकट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जाहिरात करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार इन्फ्लुएन्सरने कंपनीशी असलेला आर्थिक संबंध ठळकपणे सांगायला हवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पण नियमांची पकड ‘हा माणूस खरा आहे का’ इथपर्यंतच आहे. ‘व्हेरिफाइड परचेस’ लिहिलेले असले की वस्तू विकत घेतली एवढेच सिद्ध होते. ती त्याने वापरली का, किती दिवस, कशासाठी, हे नाही. बरीच ॲप तर पार्सल हातात पडल्यापासून आठवड्याभरातच ‘रिव्ह्यू द्या’ म्हणून मागे लागतात. आठवड्यात चप्पल चावते की नाही एवढेच कळते. पावसाळ्यात तळ सुटतो का, हे जुलैत कळते. पूर्वी बारीकसारीक तपशील दिसले की रिव्ह्यू खरा मानायची सोय होती. आता यंत्रही ‘माझ्या सासूबाईंना फार आवडला’ असे बेमालूम लिहून देते, त्यामुळे तोही भरवसा गेला. त्यातल्या त्यात, ज्या रिव्ह्यूत काहीतरी न जमल्याचे साधेपणाने लिहिले आहे, ज्यात दोन-चार महिन्यांनी भर घातली आहे, आणि ज्याने दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिले आहे, तो वाचावा. मी हल्ली पाच आणि एक स्टार सोडून तीन स्टारवाले आधी उघडतो. त्या ओसाड रानात जी थोडी माणसे राहतात, ती बहुधा मन लावून लिहितात.

शेजाऱ्याच्या सल्ल्याला संघटित रूप देण्याचे काम महाराष्ट्राने फार आधी केले आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून शेजारशेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदी आणि महिन्याचे वाटप करत आली. तिथे तांदूळ कसा निघाला हे सांगणारा आणि ऐकणारा एकाच गटातले असतात. कोण मऊ भात खातो आणि कोण मोकळा, हे सगळ्यांना माहीत असते. ॲपवर लाखो लोक आले आणि नेमकी ही माहिती गळून पडली.

आईचा रिव्ह्यू

बाईंची गाडी आईने आधी तीन दिवस सोसायटीच्या आवारातच चालवून बघितली, मग तशीच घेतली. सहा महिने झाले. गेल्या आठवड्यात तिने मला फोन मागितला आणि मराठीत बोलून टाइप करत रिव्ह्यू लिहिला. चार स्टार दिले. मजकूर असा:

“मी ६३ वर्षांची आहे. उंची चार फूट अकरा. उजवे मनगट एकदा मोडले आहे. या गाडीवर पाय टेकतात, बूट घातले तर पूर्ण टेकतात, सपाट चप्पल घातली तर टाच थोडी वर राहते. कोथरूड ते मंडई रोजचे जाणे-येणे. दोन पिशव्या पुढे मावतात, तिसरी मावत नाही. चढाला हळू आहे, मला घाई नसते. मायलेज मुलगा मोजतो, त्याला विचारा. डबल स्टँड लावायला कोणाला तरी हाक मारावी लागते म्हणून एक स्टार कमी. उतारावर गाडी मागे घेताना आधी उतरा.”

ॲपने दोन दिवस तो तपासणीत ठेवला, मग प्रसिद्ध केला. काल बघितले तेव्हा अकरा जणांनी त्याला ‘उपयुक्त’ म्हटले होते आणि खाली सांगलीच्या कोणीतरी विचारले होते, ‘काकू, साडी नेसून चालवता येते का?’ आईने उत्तर दिले आहे: ‘मी नेसत नाही. शेजारच्या बाई नेसतात, त्यांना विचारून सांगते.’